पडद्यावरची फूटपट्टी

मूतखड्याने कासावीस झालेला एखादा माणूस सीटी स्कॅन करून घेतो. अहवालात लिहिलेले असते, डाव्या मूत्रवाहिनीत ५ मिलिमीटरचा खडा. डॉक्टर सांगतात, गोळ्या घ्या, पाणी पीत राहा, काही दिवसांत पडून जाईल. मग मेहुणा किंवा शेजारी कुणीतरी सेकंड ओपिनियनचा आग्रह धरतो. दुसरे डॉक्टर तीच सीडी आपल्या संगणकावर उघडतात, माउसने खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि म्हणतात, साडेसहा मिलिमीटर आहे, दुर्बिणीने काढलेला बरा. घरी परतताना रुग्णाच्या मनात एकच हिशेब असतो : पहिल्याला मोजता येत नाही, नाहीतर दुसऱ्याला पैसे काढायचे आहेत.

बऱ्याचदा यातले काहीच खरे नसते. खडा तोच असतो, स्कॅनही तोच. बदललेली असते ती चित्र पाहण्याची रीत आणि ती रीत ठरवणारे सॉफ्टवेअर. या सॉफ्टवेअरविषयी रुग्णाला कोणी सांगत नाही, डॉक्टरला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी नीट शिकवत नाही, आणि रुग्णालयासाठी यंत्र विकत घेणाऱ्या समितीच्या तर ते खिजगणतीतही नसते.

सीटी स्कॅनचे यंत्र कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. शरीराच्या आडव्या छेदाचे ते बारीक चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देते. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, मऊ ऊतींना साधारण २० ते ६०, कठीण हाडाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त. या एककाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळाले. स्कॅनमध्ये असे आकडे हजारो पातळ्यांचे असतात. साध्या पडद्यावर मात्र करड्या रंगाच्या २५६ छटाच दाखवता येतात आणि माणसाच्या डोळ्याला त्याही सगळ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यामुळे कोणत्या आकड्याच्या खाली सगळे काळे आणि कोणत्या आकड्याच्या वर सगळे पांढरे, हे सॉफ्टवेअरला ठरवावे लागते. डॉक्टरांच्या बोलीत याला ‘विंडो’ म्हणतात. फुप्फुसाची वेगळी, हाडाची वेगळी, मेंदूची वेगळी.

आता खड्याकडे येऊ. पोटासाठी नेहमी वापरली जाणारी विंडो उणे १६० ते अधिक २४० इतकीच असते. खड्याच्या कडेला असे चौकोन असतात, ज्यात थोडा खडा आणि थोडे मांस असते. समजा, खड्याचा आकडा १००० आहे आणि मांसाचा ३०. ज्या चौकोनात पाव भाग खडा आणि पाऊण भाग मांस आहे, त्याची सरासरी होते सुमारे २७०. म्हणजे २४० च्या वर. म्हणजे पडद्यावर पांढराशुभ्र. पाव भागच खडा असलेला चौकोन अख्खा खडा म्हणून दिसतो आणि हे दोन्ही कडांना होते. त्याच खड्याला हाडाच्या विंडोत, उणे ५०० ते १५०० अशा रुंद पट्ट्यात पाहिले, तर तो चौकोन आजूबाजूच्या मांसापेक्षा किंचित उजळ करडा दिसतो आणि डॉक्टरची रेघ आत सरकते. चौकोनाची बाजू पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा दोन कडा मिळून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. चित्र मोठे करून न मोजणे, जाड छेदांवर मोजणे किंवा आडव्याऐवजी उभ्या छेदावर मोजणे, यांनी फरक आणखी वाढतो. मूतखड्याच्या बाबतीत ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूक पडतात, १० च्या वरचे क्वचितच पडतात, आणि मधला पट्टा वादाचा असतो. म्हणजे नेमक्या ज्या जागी निर्णय अवघड असतो, तिथेच फूटपट्टी लवचिक होते.

उपाय अवघड आहे का? मुळीच नाही. रेघ ओढल्यावर आकड्याशेजारी ‘हाडाची विंडो, १ मिलिमीटर जाडीचा छेद’ एवढे छोट्या अक्षरांत लिहून ठेवणे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासाठी फार कष्टाचे काम नाही. पण बहुतेक ठिकाणी आकडा एकटाच अहवालात जातो आणि तो कसा आला हे मागे राहते. दुसऱ्या डॉक्टरकडे पोचतो तो ५, त्यामागची विंडो नव्हे.

फिल्मच्या काळात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता. डॉक्टर फिल्म प्रकाशपेटीवर लावत, प्लॅस्टिकची पट्टी ठेवत, मेणाच्या पेन्सिलीने खुणा करत. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असत, त्यामुळे साडेबारा म्हणायचे की तेरा, यावर फारसे कोणी भांडत नसे. मोजणाऱ्याला आपल्या मोजण्याची मर्यादा हातात दिसत होती. संगणकावर तीच रेघ ओढली की पडद्यावर उमटते, १२.३७ मिलिमीटर. हे दशांशचिन्हापुढचे ३७ कुठून आले? पोटाच्या स्कॅनमध्ये ३५० मिलिमीटर रुंदीचा भाग साधारणपणे ५१२ चौकोनांत विभागलेला असतो. एक चौकोन ०.६८ मिलिमीटरचा. ज्या चित्राचा कणच पाऊण मिलिमीटरच्या जवळपास आहे, त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा आकडा छापणे म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. काटा काहीतरी दाखवतोच. सॉफ्टवेअरला भागाकार येतो म्हणून ते दशांश दाखवते, आणि कागदावर छापलेला दशांश पाहिला की वाचणारा डॉक्टरही नकळत त्यावर विश्वास ठेवतो. सहा महिन्यांनी १२.३७ चे १२.९१ झाले की रुग्णाची झोप उडते.

मुळात मिलिमीटर कुठून येतात, हा याहून मूलभूत प्रश्न आहे. चित्राला स्वतःची लांबी नसते, ती सोबतच्या माहितीतून मिळते. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संस्था आणि यंत्र बनवणाऱ्यांची संघटना यांनी मिळून १९८५ मध्ये एक मानक काढले, जेणेकरून एका कंपनीचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडावे. १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे नाव आणि आजचे रूप आले. डायकॉमच्या फाइलमध्ये चित्राबरोबर शेकडो नोंदी असतात : रुग्णाचे नाव, तारीख, यंत्र, छेदाची जाडी आणि दोन चौकोनांमधले अंतर. सीटी आणि एमआरआयमध्ये हे अंतर शरीरातलेच असते, म्हणून तिथे रेघेवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

साध्या एक्स-रेचे तसे नाही. एक्स-रे ही सावली आहे. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर पंजा मोठा पडतो आणि हात कंदिलाजवळ नेला की आणखी मोठा, हे लोडशेडिंग भोगलेल्या प्रत्येक घरातल्या मुलांना ठाऊक आहे. एक्स-रेतही भिंतीवरची सावली मोजली जाते, पंजा नव्हे. खुब्याचे हाड डिटेक्टरपासून काही इंच वर असते, त्यामुळे ते १० ते २० टक्क्यांनी मोठे दिसते, लठ्ठ माणसात जास्त, सडपातळात कमी. त्यावरून कृत्रिम सांध्याचे माप ठरवायचे, तर शेजारी ठरावीक मापाचा धातूचा गोळा ठेवून एक्स-रे काढावा लागतो, म्हणजे सावली किती फुगली हे कळते. डायकॉममध्ये यासाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक डिटेक्टरवरच्या अंतराची आणि दुसरी दुरुस्त केलेल्या अंतराची. चांगले सॉफ्टवेअर पहिल्या नोंदीवरून मोजताना ‘हे डिटेक्टरवरचे माप आहे’ असे सांगते. वाईट सॉफ्टवेअर दोन्हींना सारखेच ‘मिमी’ लावून मोकळे होते.

आणि नोंदच नसेल तर? जुनी फिल्म स्कॅन करून चढवलेली, कोणीतरी मोबाइलने काढून पाठवलेली, मध्येच जेपीजी झालेली चित्रे अशी असतात. इथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा स्वभाव दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर आणले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरले जाते. त्यात माप दिलेले नसेल तर रेघेची लांबी पिक्सेलमध्ये येते. मिलिमीटर हवे असतील तर किती पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, हे वापरणाऱ्याने सांगायचे. थोडा त्रास होतो, पण खोटे बोलले जात नाही. याउलट काही प्रोग्राम मनानेच एक अंतर गृहीत धरतात आणि आत्मविश्वासाने आकडा छापतात. मोजता येत नसेल तर मोजण्याचे बटणच करडे व्हावे, ही मागणी जगावेगळी नाही. पेट्रोल पंपाच्या मीटरबाबत वैधमापन खाते हेच करते, मीटर तपासलेला नसेल तर विक्री थांबवते.

कर्करोगाच्या उपचारांत या रेघेवर जास्त काही टांगलेले असते. केमोथेरपीचा परिणाम होतो आहे का, हे ठरवण्यासाठी जगभर ‘रेसिस्ट’ नावाचे निकष वापरतात. ते २००० मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले. जास्तीत जास्त ५ गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनहून जास्त नाहीत, त्यांच्या लांबीची बेरीज करायची. बेरीज ३० टक्के किंवा अधिक कमी झाली तर औषधाला अंशतः प्रतिसाद. सर्वांत कमी झालेल्या बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली तर आजार बळावला. समजा, एका बाईंच्या चार गाठींची बेरीज उपचारापूर्वी ८० मिलिमीटर होती. तीन महिन्यांनी एका डॉक्टरने ५७ मोजली. घट पावणेएकोणतीस टक्के, म्हणून ‘आजार स्थिर’. दुसऱ्याने ५५ मोजली. घट सव्वाएकतीस टक्के, म्हणून ‘अंशतः प्रतिसाद’. दोघांतला फरक २ मिलिमीटर, चार गाठींत वाटला तर प्रत्येकी अर्धा मिलिमीटर. स्कॅनच्या एका चौकोनापेक्षाही कमी. अनुभवी कर्करोगतज्ज्ञ केवळ या शब्दावर औषध बदलत नाहीत, रुग्णाची भूक, वजन, वेदना सगळे पाहतात. पण औषधांच्या चाचण्यांत हेच शब्द मोजले जातात आणि त्यांवरून औषध बाजारात यायचे की नाही हे ठरते.

इथे सॉफ्टवेअरच्या रचनेत एक खराखुरा पेच आहे. मागच्या वेळची रेघ नव्या चित्राशेजारी दाखवावी का? दाखवली तर डॉक्टर तीच गाठ, तोच छेद, तोच कोन निवडतो, गफलत टळते. पण मागचा आकडा १८ दिसला की नवे मोजमाप १८ च्या आसपास घुटमळते, कारण मन त्याला बांधले जाते. न दाखवली तर मन मोकळे राहते, पण शेजारची दुसरीच गाठ मोजली जाण्याचा धोका. वाजवी तोड अशी दिसते की जुन्या रेघेची जागा दाखवावी, आकडा मात्र नवे मोजमाप पक्के होईपर्यंत झाकून ठेवावा. हे लिहायला सोपे आहे. रोज शंभर स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञाला एक जादा क्लिक म्हणजे रोजचे शंभर क्लिक, हे ज्याने कधी रात्रपाळीत बसून पाहिलेले नाही, त्याला ते कळत नाही.

म्हणूनच अशी सॉफ्टवेअर कोण बनवतो, याला महत्त्व आहे. २००३-०४ च्या सुमारास अँटोइन रोसेट या रेडिओलॉजिस्टने ओस्मान रातिब यांच्याबरोबर ‘ओसिरिक्स’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो साध्या मॅकिंटॉश संगणकावर चालत होता आणि त्याचा आराखडा खुला होता. तोपर्यंत त्रिमितीत चित्र फिरवून पाहायचे तर यंत्राबरोबर आलेल्या महागड्या वर्कस्टेशनपुढे नंबर लावावा लागे. ओसिरिक्स जगभरच्या शल्यविशारदांनी उचलले, याचे एक कारण ते फुकट होते हे खरेच. दुसरे कारण असे की ते लिहिणाऱ्याला स्वतःला स्कॅन वाचायचे होते. माउस कोणत्या बाजूला ओढला की विंडो बदलते, चाक फिरवले की छेद पुढे जातो, नजर चित्रावरून न हलवता दोन्ही कशी करायची, असल्या बारक्या गोष्टींत ते दिसत होते.

नजर चित्रावरून न हलणे ही चैन नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाच्या सीटीत बारीक गाठी शोधायला सांगितले गेले. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचे चित्र दडवले होते, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. हे निष्काळजी लोक नव्हते. शोधायला सांगितलेल्या गोष्टीवर लक्ष एकवटले की बाकीचे दिसेनासे होते, हा मेंदूचा धर्मच आहे. अशा मेंदूसमोर चाळीस बटणांची पट्टी, लुकलुकणारी सूचना आणि दर पाच मिनिटांनी पासवर्ड मागणारी चौकट ठेवणाऱ्याने निदान चुकवण्यात हातभार लावला, असे म्हणण्यात काही अतिशयोक्ती नाही.

डावे-उजवे हा तर वरकरणी पोरकट वाटणारा विषय. रुग्ण समोर उभा असावा तसे चित्र दाखवायचे, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे, ही रेडिओलॉजीची रीत. मेंदूवर संशोधन करणाऱ्या अनेकांची रीत उलटी, रुग्णाचे उजवे ते उजवीकडे. मेंदूसंशोधनात बराच काळ वापरल्या गेलेल्या ‘ॲनालाइझ’ या फाइल-प्रकारात बाजू कोणती हे निःसंदिग्धपणे लिहिलेलेच नसे, म्हणून पुढे ‘निफ्टी’ हा नवा प्रकार आणावा लागला. रुग्णालयात वापरायच्या पडद्यावर डावे-उजवे दाखवणारे अक्षर ‘लपवा’ या बटणाने जाता कामा नये. चित्र आडवे उलटवण्याची सोय असेल, तर उलटवलेले आहे हे चित्रावरच ठळक दिसले पाहिजे. कोणत्या बाजूचा मूत्रपिंड काढायचा, हे ज्या पडद्यावर ठरते त्याबाबत एवढा हट्ट माफ असावा.

आता महाराष्ट्रातल्या रोजच्या वास्तवाकडे. तालुक्याच्या गावात स्कॅन होतो, तज्ज्ञ जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला असतो. मधले अंतर कापते व्हॉट्सॲप. प्रकाशपेटीवर, नाहीतर खिडकीच्या तावदानावर फिल्म लावायची, मोबाइलने फोटो काढायचा, पाठवायचा. याला नाक मुरडणाऱ्यांनी अपघाती रुग्णाच्या डोक्यातला मोठा रक्तस्राव अशा फोटोवर ओळखून वेळेत हलवलेले रुग्णही मोजावेत. त्या कामासाठी फोटो पुरतो. पण फोटोत विंडो गोठलेली असते. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून दोन-तीन तास झाले असतील, तर बाधित भागाचा आकडा शेजारच्यापेक्षा अगदी थोडाच कमी झालेला असतो. विंडो अरुंद करून, मागेपुढे सरकवून पाहिले तरच तो फिकटपणा डोळ्याला जाणवतो. फोटोत ती सोय नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यावर ठरत असेल, तर फोटो पाहून ‘काही दिसत नाही’ म्हणणे आणि ‘काही नाही’ म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. फोटोवर मोजायचे तर नावच घेऊ नये.

मग सीडी. रुग्णांना हल्ली सीडी मिळते, तिच्यात चित्रांबरोबर पाहण्याचा छोटा प्रोग्रामही असतो. तो फक्त विंडोजवर चालतो, सरकारी संगणकाचा अँटिव्हायरस त्याला अडवतो आणि नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. बाह्यरुग्ण विभागात दीडशे रुग्ण रांगेत असताना सीडी उघडण्याच्या खटपटीत दहा मिनिटे घालवणे कोणत्याच डॉक्टरला शक्य नसते. मग तो लेखी अहवाल वाचतो आणि त्यातल्या आकड्यावर पुढचे ठरवतो. इतके सगळे चढ-उतार पोटात घेतलेला तो आकडा.

सरकारी खरेदीत या सगळ्याला कुठे जागा असते? निविदेत यंत्र किती स्लाइसचे, नळीची क्षमता किती, हमी किती वर्षांची, याची पानेच्या पाने असतात. चित्र पाहण्याच्या सॉफ्टवेअरवर बहुधा एखादी ओळ. परिणाम असा की कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणि त्याची चित्रे पाहायला वॉर्डात कारकुनी कामाचा मॉनिटर. डायकॉमच्या चौदाव्या भागात पडद्यावरच्या करड्या छटा कशा असाव्यात, याचे मानक दिलेले आहे. तेही बाजूला ठेवा, नुसते चाचणीचे एक चित्र उघडून पाहावे, ज्यात काळ्या चौकोनात किंचित कमी काळा आणि पांढऱ्या चौकोनात किंचित कमी पांढरा चौकोन असतो. दोन्ही वेगळे दिसत नसतील तर त्या पडद्यावर फुप्फुसातली बारीक गाठ शोधू नये. या तपासणीला पैसे लागत नाहीत. किरणोत्सर्ग करणाऱ्या यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी करणे अणुऊर्जा नियामक मंडळाने बंधनकारक केले आहे आणि त्याची धास्तीही असते. त्याच यंत्राची चित्रे ज्या पडद्यावर आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये वाचली जातात, त्यांची तपासणी कोण करतो, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

कायदा अगदीच गप्प नाही. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरायचे सॉफ्टवेअर देशात वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले. म्हणजे स्टेथोस्कोपसारखेच तेही उपकरण. खुल्या आराखड्याचे उत्तम पर्यायही आहेत. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेला ‘ऑर्थँक’ चित्रे साठवतो, ‘ओएचआयएफ’ ती ब्राउझरमध्ये दाखवतो, ‘थ्रीडी स्लायसर’ संशोधनासाठी वापरला जातो. काही तरुण डॉक्टर उत्साहाने ते रुग्णालयात बसवतात आणि त्यांचे कौतुकच व्हावे. मात्र फुकट म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. निदानासाठी वापरायचे असेल तर कोणीतरी ते तपासून, सही करून, अद्ययावत ठेवायला हवे. त्यासाठी माणूस लागतो आणि माणसाचे पद मंजूर करणे हे यंत्र घेण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही सांगायला नको.

तपासणीची रीत मात्र साधी आहे. माहीत असलेल्या मापाची वस्तू, अगदी प्लॅस्टिकचा २० मिलिमीटरचा ठोकळासुद्धा चालेल, स्कॅन करावी. रुग्णालयातल्या प्रत्येक संगणकावर, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती मोजावी. कुठे २० ऐवजी २३ आले तर तो संगणक बाजूला काढावा. निविदेतही हीच अट घालता येईल : पुरवठादाराने समितीसमोर ठोकळा मोजून दाखवावा, माप नसलेल्या फाइलवर सॉफ्टवेअर काय करते ते दाखवावे, आणि डॉक्टरने ओढलेल्या रेघा, विंडोसकट, डायकॉमच्या मानक स्वरूपात साठवल्या जातात हे दाखवावे. शेवटची अट महत्त्वाची, कारण काही सॉफ्टवेअर मोजमापे आपल्याच बंद स्वरूपात ठेवतात. पाच वर्षांनी कंत्राट बदलले की चित्रे राहतात आणि सगळ्या रेघा नाहीशा होतात. कर्करोगाच्या रुग्णासाठी ती पाच वर्षांची डायरी फाडण्यासारखे आहे.

आता रेघ ओढण्याचे कामही यंत्र करू लागले आहे. क्षयरोगाच्या शोधमोहिमेत १५ वर्षांवरील व्यक्तींचे छातीचे एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ही मोठी सोय आहे, त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण ही सॉफ्टवेअर ‘क्षय आहे’ असे सांगत नाहीत, एक गुण देतात. कितीच्या वरच्या गुणाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, ही रेषा माणसाने आखायची असते. रेषा खाली आणली तर तपासणीचा खर्च वाढतो, वर नेली तर रुग्ण निसटतात. नंदुरबारच्या पाड्यात आणि मुंबईच्या चाळीत ती एकच असायला हवी असे नाही. ती कोणी, कधी, कशाच्या आधारे ठरवली हे पडद्यावर एका क्लिकमध्ये दिसायला हवे, कारखान्यातून आली तशी ठेवून चालणार नाही.

रुग्णांच्या हातातही थोडे आहे. स्कॅन झाल्यावर केवळ फिल्म आणि अहवाल न घेता चित्रे ‘डायकॉम स्वरूपात’ मागावीत, याच शब्दांत. सीडीपेक्षा पेनड्राइव्ह बरा, आणि घरी आल्यावर त्याची एक प्रत संगणकावर काढून ठेवावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर जुने चित्र कोणाकडे असेलच याची खात्री नाही. आणि दोन अहवालांतले आकडे जुळत नसतील, तर कोणता डॉक्टर खरा हे विचारण्याआधी दोन्ही चित्रे एकाच डॉक्टरने, एकाच संगणकावर, एकाच विंडोत पुन्हा मोजावीत अशी विनंती करावी.